तिसऱ्या प्रकरणातला आक्षेप

डोरीन ताकायेसु गेली ही बातमी तत्त्वज्ञान विभागाला शुक्रवारी दुपारी कळली, आणि तीही नंबर लागल्यावर.

सकाळी डोरीनने कॉफी ठेवली, ओट्याला टेकली, "मेल, जरा गरगरतंय रे," म्हणाली आणि खाली बसली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली, कुणालाच काही करता आलं नसतं. तिच्या नवऱ्याने, मेल्विनने, माउई बेटावरच्या मेहुणीला फोन केला. मग सुपरमार्केटमध्ये केला, कारण तो तिथे मासळीच्या काउंटरवर कामाला होता आणि शुक्रवारी गर्दी असते. त्यानंतर काय करायचं ते सुचेना, म्हणून सेंट ब्रेंडन विद्यापीठात केला. डोरीन तिथे पीएच.डी. करत होती. इतकी वर्षं करत होती की घरच्यांच्या खालोखाल कळवायचं तर त्यांनाच.

फोन व्हर्ना आपोने घेतला. विभागाचं ऑफिस तीच सांभाळते. सगळे तिला आंटी म्हणतात, प्राध्यापकसुद्धा. ती तशीच डोळे पुसत शुक्रवारच्या व्याख्यानाला गेली, कारण झाडून सगळे तिथेच होते.

आता या व्याख्यानाची एक शिस्त आहे. ज्याला नवा प्रश्न विचारायचा त्याने हात वर करायचा. ज्याला चालू प्रश्नालाच जोडून काही म्हणायचं त्याने फक्त एक बोट वर करायचं. बोटवाले आधी, हातवाले मागून. व्हर्नाने दारातून हात वर केला. अध्यक्षांनी मान डोलावली आणि तिचं नाव शेवटी टिपून घेतलं. पाहुणे समुद्रापलीकडच्या मोठ्या मुलखातून, कॅलिफोर्नियाहून आले होते आणि खुर्ची ही एक वस्तू आहे की नुसतीच कणांची मांडणी आहे, यावर बोलत होते. बोटं काही संपेनात. व्हर्ना भिंतीला टेकून उभी राहिली. ओरडून सांगावं हे तिच्या मनातही आलं नाही. तिचं निम्मं आयुष्य या लोकांत गेलं होतं.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "हं, व्हर्ना आंटी. तुमचा प्रश्न?"

"डोरीन सकाळी वारली," व्हर्ना म्हणाली.

आणि मागच्या रांगेतून एक बोट वर आलं.

ते कुणाचं, हे व्हर्नाने मेल्विनला कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "लगेच खाली घेतलं रे त्याने. वाईट नाहीत ती माणसं. हाताला सवय असते."

डोरीन मूळची चौथीच्या वर्गाची शिक्षिका. पंचेचाळिशीपर्यंत तिला तत्त्वज्ञानाची काही बाधा नव्हती. मग तिचे वडील गेले. जाताना त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, अंगणातला आंबा तोडायचा नाही. पुढे आंब्याची मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरली आणि न्हाणीघरात पाणी तुंबायला लागलं.

"बाबांना आता कळणार नाही," डोरीन म्हणाली. "त्यांना वाईटही वाटणार नाही. मग आपण शब्द पाळतोय तो नक्की कुणाला?"

"प्लंबरला विचार," मेल्विन म्हणाला.

तिने विद्यापीठाला विचारलं. विद्यापीठ म्हणालं, या, पण आधी तासांना बसा.

तर ती तासांना बसली. पहिल्या सत्रात एका जुन्या जर्मन पुस्तकाची पहिली पानं वाचायची होती. सत्र संपलं तेव्हा ते दुसऱ्या पानावर पोचले होते आणि त्यात वाहवत गेलो म्हणून प्राध्यापकांनी माफी मागितली. घरी बोलणं बदललं. मेल्विनने विचारावं, "भात संपला का गं?" तिने म्हणावं, "संपला म्हणजे तुला काय म्हणायचंय?" महिन्याभरात तो स्वतःच झाकण उघडून बघायला शिकला.

त्या लोकांची भाषाही डोरीनने त्याला समजावून दिली. कुणी म्हणालं "रोचक आहे", तर म्हणजे चूक आहे. "फारच रोचक आहे" म्हणजे मी ऐकत नव्हतो. आणि "मला समजलं नाही" असं म्हणाले तर म्हणजे तू मूर्ख आहेस. ही शेवटची गोष्ट तिला जरा उशिरा कळली. पहिल्याच महिन्यात प्रोफेसर हार्लन क्विग, विभागातले सगळ्यांत तिखट गृहस्थ, तिच्या बोलण्यावर म्हणाले, "मला समजलं नाही." डोरीन शिक्षिका. ती उठली, फळ्याजवळ गेली, आणि चौथीच्या पोरांना समजावतात तसं चित्र काढून सावकाश परत समजावून सांगितलं. वर "आता आलं लक्षात?" असंही विचारलं. क्विग बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. तिथून पुढे तिचा प्रत्येक शब्द ते भिंग लावून वाचायला लागले.

सत्र संपलं की सगळ्यांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, आपापला पदार्थ न्यायचा. मेल्विन दरवेळी पोके न्यायचा. ताज्या आहीचे, म्हणजे ट्यूना माशाचे, कच्चे तुकडे, समुद्री शेवाळ, तिळाचं तेल. तो स्वतः माशांचा माणूस, त्याला त्या घोळक्यात बोलायला काही नसायचं, पण त्याचं भांडं सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. एकदा डोरीनच्या मार्गदर्शक स्ट्रँडबाईंकडे जमले होते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूपासून वेगळी आहे हे कशावरून ठरवायचं, यावर कडाक्याचं भांडण झालं. दोघंजण तर एकमेकांशी बोलेनासे झाले. निघताना दाराबाहेर चपला काढलेल्या, तिथून जो तो दुसऱ्याच्याच चपला घालून गेला. मेल्विनच्या पायात आल्या त्या दोन्ही डाव्या.

तास संपले तशी मोठी परीक्षा आली. पहिल्या खेपेला डोरीन नापास झाली, कारण विचारलेल्या प्रश्नाचं तिने उत्तर लिहिलं. दुसऱ्या खेपेला हा प्रश्न मुळात विचारता येतो का यावर पुरवण्या भरल्या, आणि इमोजीन स्ट्रँड यांनी तिला मिठी मारली.

मग आराखडा. म्हणजे जे लिहायचं ते लिहायच्या आधी, आपण काय लिहिणार ते लिहून मंजूर करून घ्यायचं.

"मी मासा कापायच्या आधी कसा कापणार ते लिहून देत बसलो तर मासा नासेल," मेल्विन म्हणाला.

"आमचा नासलेलाच येतो," डोरीन म्हणाली. "आम्ही फक्त वास कुठून येतोय ते सांगतो."

आराखडा मंजूर झाला आणि प्रबंध सुरू झाला. विषय तोच, आंब्याचा. मेलेल्या माणसाचं आपण काही देणं लागतो का? डोरीनचं म्हणणं, लागतो. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात क्विग आडवे आले. त्यांचा आक्षेप दोन ओळींचा होता. देणं असायला घेणारा लागतो. मेलेला माणूस नाहीच, मग देणं कुणाचं?

डोरीनने उत्तर दिलं. क्विगनी त्या उत्तराला आक्षेप घेतला. डोरीनने पुन्हा लिहिलं. क्विगनी समासात बारीक अक्षरात पुन्हा काहीतरी लिहिलं. त्या समासात वर्षं गेली. स्ट्रँडबाई प्रेमळ होत्या, फक्त त्यांचे शेरे यायला एक पावसाळा लागायचा. तेवढ्यात न्हाणीघराचं काम करून घेतलं, आंब्याला हात न लावता, पाइपच दुसरीकडून फिरवून. तत्त्वज्ञानाशिवाय ते एका सकाळीत झालं.

काउंटरवर गिऱ्हाइकं विचारायची, त्यांतली कितीतरी डोरीनच्या हाताखालून गेलेली. "अंकल, टीचर डॉक्टर झाल्या का?"

"होतेय," मेल्विन म्हणायचा आणि मासा तोलायचा.

"अजून होताहेत? माझी पोरगी पास होऊन नोकरीला लागली की!"

"तुझ्या पोरीला क्विग नव्हता," मेल्विन म्हणायचा.

जायच्या आधीच्या महिन्यात एकदा दोघं होनोलुलूहून घरी येत होते. वाटेतल्या घाटात, पालीच्या बोगद्यात शिरताना डोरीन एकदम "मेल!" म्हणून ओरडली. त्याला वाटलं समोर कुणी आलं. पण तिला क्विगचं उत्तर सापडलं होतं. बोगदा संपेपर्यंत आणि घाट उतरेपर्यंत ती दोन्ही हात हलवत बोलत होती. "इतकं सोपं आहे रे! इतकी वर्षं माझ्या नाकासमोर होतं!" मेल्विनचं लक्ष रस्त्यावर होतं आणि तिच्यावरही होतं. ती किती खूश आहे ते त्याला पुरतं कळलं. उत्तर कळलं नाही.

"लिहून ठेव," तो म्हणाला.

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर लिहिते. शांतपणे. क्विगचा चेहरा बघायचाय मला." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता होईन बघ मी डॉक्टर. तू काउंटरवर सगळ्यांना सांगायचं. मोठ्याने."

तिने लग्नानंतर त्याच्याकडे मागितलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. ही त्यातली एक.

डोरीन गेल्यावरच्या प्रार्थनेला विभाग झाडून आला. काइलुआच्या किनाऱ्यावरची शेड घेतली होती. प्राध्यापक बूट घालून वाळूत उभे होते. पाद्रीबाबा म्हणाले, "डोरीन आता आपल्यापेक्षा सुखात आहे," तेव्हा मागे कुजबुज सुरू झाली, आणि व्हर्नाने वळून असं काही बघितलं की ती थांबली. जेवणाच्या रांगेत क्विग मेल्विनजवळ आले. गळ्यात घालायचा फुलांचा हार त्यांनी हातातच धरला होता. कुणाच्या गळ्यात घालायचा ते त्यांना उमगलं नसावं.

"मिस्टर ताकायेसु," ते म्हणाले, "तुमच्या पत्नीशी माझं एका गोष्टीतही पटत नव्हतं."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे... मी चांगल्या अर्थाने म्हणतोय."

"भात घ्या," मेल्विन म्हणाला.

तो परत कामाला जायला लागला तशी गिऱ्हाइकं पुन्हा विचारू लागली, पण आता हळू आवाजात. "अंकल, मग टीचर शेवटी झाल्या होत्या का?" याला काय उत्तर द्यायचं? "होतेय" म्हणता येईना. "नाही" म्हणवेना. एक दिवस त्याने एक अख्खी आही चुकीची कापली, आणि त्या संध्याकाळी तो व्हर्नाच्या घरी गेला.

"आंटी, मेलेल्या माणसाला पदवी देतात का?"

"देतात की. समितीने सह्या केल्या की झालं. त्या रसायनवाल्या पोराला नाही का दिली, सर्फिंग करताना बुडालेल्या? त्याचं तर अर्धंच झालं होतं."

"मग डोरीनचं?"

"डोरीनचं सगळं लिहून झालंय. तिसऱ्यातलं शेवटचं तेवढं राहिलंय. मी घालते स्ट्रँडबाईंच्या कानावर." मग ती म्हणाली, "पण मेल्विन, हे तत्त्वज्ञानवाले आहेत, बाबा. रसायनवाले नाहीत."

स्ट्रँडबाईंनी फोनवर रडून घेतलं आणि म्हणाल्या, का नाही, लगेच बैठक घेऊ. पण नियमात तोंडी परीक्षा होती. उमेदवार नाही म्हणून परीक्षा टाळावी, तर उद्या कुणीही उमेदवार येणार नाही, असा मुद्दा निघाला. तेव्हा परीक्षा घ्यायची ठरली. उमेदवाराच्या जागी कुणी बसू नये, पण नवऱ्याने शेजारी बसायला हरकत नाही.

तर मंगळवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, मेल्विन इस्त्रीचा शर्ट घालून एका रिकाम्या खुर्चीशेजारी बसला. कुणीतरी त्या खुर्चीसमोर पाण्याचा ग्लासही ठेवला होता. समोर तिघं. स्ट्रँडबाई, क्विग, आणि बाहेरचे सदस्य डॉ. रेनाल्डो अग्बायानी. परीक्षा निःपक्ष व्हावी म्हणून एक माणूस दुसऱ्या विभागातला लागतो, म्हणजे ज्याला त्यातलं काही कळत नाही असा. अग्बायानी मातीचे तज्ज्ञ होते आणि त्यांच्या बुटाला तिचा पुरावा होता.

"मी वाचलं हो सगळं," अग्बायानी म्हणाले. "मला आवडलं. पण नमुने किती घेतले होते?"

"एक," स्ट्रँडबाई म्हणाल्या.

"एक?"

"आंबा."

"ठीक आहे," अग्बायानी म्हणाले. "कुठे सही करू?"

त्यांनी केली. स्ट्रँडबाईंनी केली. कागद क्विगपुढे आला. क्विगनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"माझी अडचण समजून घ्या," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाचं आपण काही देणं लागत नाही, हे माझं मत सगळ्यांना माहीत आहे. मी ते छापलंय. आता आपण डोरीनला पदवी का देतोय? कारण आपल्याला वाटतंय की आपण तिचं देणं लागतो. मी सही केली की माझा आक्षेप खोटा ठरला. म्हणजे ती बरोबर ठरली."

"मग बरंच झालं की," अग्बायानी म्हणाले. "बरोबर ठरली तर पास."

"पण बरोबर आहे की नाही हे सहीने ठरत नाही ना! युक्तिवादाने ठरतं. आणि युक्तिवाद तिथे नाहीये. दीड पान कोरं आहे."

"हार्लन," स्ट्रँडबाई पुढे वाकल्या, त्यांचे डोळे चमकायला लागले होते, "तुला सही करावीशी वाटतेय, हाच तिच्या बाजूचा पुरावा नाही का?"

"वाटणं हा पुरावा नाही, इमोजीन."

"प्राथमिक पुरावा आहे!"

"कशाचा प्राथमिक?"

आणि ते निघाले. एकदा निघाल्यावर त्या दोघांना खोली, खुर्ची, मेल्विन, कशाचंच भान राहिलं नाही. स्ट्रँडबाई फळ्यावर बाण काढायला लागल्या. क्विगनी ते पुसून उलट्या दिशेने काढले. दोघांच्या गालांवर रंग चढला. डोरीन गेल्यापासून इतकं आनंदी त्यांना कुणी पाहिलं नसेल. अग्बायानींनी पिशवीतून शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या दोन मुसुबी काढल्या, एक मेल्विनला दिली. दोघांनी मुकाट्याने खाल्ल्या.

"आमच्याकडे असं नसतं," अग्बायानी हळूच म्हणाले. "आम्ही खणून बघतो."

मग क्विग एकदम मेल्विनकडे वळले. "तिने तुम्हाला कधी सांगितलं होतं का? उत्तर काय देणार आहे ते?"

"सांगितलं होतं."

दोघंही फळा सोडून खुर्चीवर येऊन बसले. व्हर्ना टिपणं घेत होती, तीही थांबली.

"बोगद्यात," मेल्विन म्हणाला. "गाडीत. बराच वेळ बोलत होती. पण मला ते समजलं नाही."

"आठवेल तेवढं सांगा. सुरुवात कुठून केली? घेणारा लागतो, हे माझं पहिलं विधान तिने नाकारलं का? की मान्य केलं आणि मग..."

"हात हलवत होती."

"कसे?"

मेल्विनने हात वर केले. आणि त्याला ते दाखवता येईना. त्याने हात मांडीवर ठेवले. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाला पुढचा प्रश्न सुचला नाही.

अर्ध्या तासाने निकाल झाला. प्रबंध मान्य. अट एकच, तिसऱ्या प्रकरणातल्या आक्षेपाचं उत्तर जोडायचं आणि ते प्रोफेसर क्विग यांनी बघून सही करायची. व्हर्ना लिहून घेत होती. "उत्तर कुणी जोडायचं?" तिने विचारलं.

"उमेदवाराने," क्विग म्हणाले. "स्वतः."

व्हर्नाने चष्म्यावरून बघितलं.

"नियमात तसंच आहे, आंटी," स्ट्रँडबाई पुटपुटल्या.

पुढच्या आठवड्यात स्ट्रँडबाई सुपरमार्केटमध्ये आल्या. मासळीच्या काउंटरवर नंबर घेऊन उभं राहायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मागच्या बायकांनी दोन शब्द सुनावले. त्यांच्या हातात कागद होते.

"मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उत्तर. डोरीनच्या वतीने. रात्रंदिवस बसून लिहिलं." आणि ते खरं असावं. ज्या बाईचे शेरे यायला पावसाळा लागायचा तिने हे आठवड्यात केलं होतं.

"क्विगना चालेल?"

"मी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, उत्तर बरं असेल तर कुणी लिहिलं ते मी विचारणार नाही. तुम्हाला कल्पना नाही मिस्टर ताकायेसु, हार्लनने काही विचारणार नाही म्हणणं म्हणजे काय ते! तुम्ही फक्त हो म्हणा. पुढच्या पदवीदानात नाव वाचतील."

म्हणजे झालंच होतं. उन्हाळ्यात काउंटरवर उभं राहून त्याला मोठ्याने सांगता आलं असतं. मेल्विनने हात धुतले, कागद घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाजूला, बर्फाच्या यंत्राजवळ बसून वाचले. पहिलीच ओळ अशी होती : "प्रोफेसर क्विग यांचा आक्षेप अत्यंत मार्मिक असून माझ्या मूळ मांडणीला मर्यादा आहेत हे मी प्रांजळपणे मान्य करते."

डोरीनने आयुष्यात काही प्रांजळपणे मान्य केलं नव्हतं. वाट चुकली तरी म्हणायची, हा लांबचा रस्ता जास्त सुंदर आहे. आणि क्विगच्या आक्षेपाला ती मार्मिक म्हणत नसे. जे म्हणत असे ते चौथीच्या शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं. मेल्विनने सगळं वाचलं. चांगलं असणार. सभ्य होतं, नीट होतं, थोडं देऊन थोडं घेतलं होतं. बोगद्यात "इतकं सोपं आहे रे!" म्हणून कुणी ओरडावं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी तो विभागात गेला आणि कागद स्ट्रँडबाईंच्या टेबलावर ठेवले.

"हे नको."

"का? काही चुकलं का? मी बदलते."

"चुकलं नसेल. मला कळतही नाही. पण हे तिने लिहिलेलं नाही."

"पण ती पास होईल!"

"तुम्ही पास व्हाल," मेल्विन म्हणाला. "तुमच्याकडे आहे आधीच पदवी."

स्ट्रँडबाई रडायला लागल्या. त्यांना दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं, पण झालं ते झालं. बाहेर व्हर्नाने त्याला दंडाला धरलं. "अरे वेड्या, सही होत होती! तीच म्हणायची ना, डॉक्टर व्हायचंय म्हणून? तुला काय झालं मध्येच?"

"तिला क्विगचा चेहरा बघायचा होता, आंटी. ही ओळ वाचून त्याचा चेहरा कसा होईल? खूश होईल तो."

"आणि तू लोकांना काय सांगणार?"

मेल्विनने दंड सोडवून घेतला आणि निघाला.

क्विग आपल्या खोलीच्या दारात उभे होते. सगळं ऐकलं असावं. "मिस्टर ताकायेसु, एक विचारू? ते उत्तर तिच्या नावावर गेलं असतं तर तिचं काय नुकसान होतं? तिला तर कळणार नव्हतं."

"नव्हतं."

"मग तुम्ही नाही म्हणालात ते कुणासाठी?"

मेल्विनने त्यांच्याकडे बघितलं. तिखट माणूस आता बराच उतरला होता. कॉलर मळकी होती.

"मला समजलं नाही," मेल्विन म्हणाला.

क्विगना त्याचा अर्थ बरोबर लागला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ऑगस्टपासून नवे तास सुरू होतात. तुम्ही अर्ज करायला हरकत नाही. मी गंमत करत नाहीये."

"मला माहीत आहे तुम्ही गंमत करत नाही ते," मेल्विन म्हणाला. "पण मासे कोण कापणार?"

त्यानंतर महिन्याभरात क्विग सुपरमार्केटमध्ये यायला लागले. ते रीतसर नंबर घेतात, उभे राहतात, पाव किलो आही मागतात. मग विचारतात, बोगद्यात शिरताना ती काही दाखवत होती का, तोंड कुठे होतं, सोपं म्हणाली की साधं म्हणाली. मेल्विन आठवतं तेवढं सांगतो. व्हर्ना म्हणते, ते खोलीचं दार लावून तिच्या बाजूने लिहून बघतात, आणि पान भरत आलं की त्यांनाच त्यावर आक्षेप सुचतो. मग फाडतात. मागची गिऱ्हाइकं कुरकुरतात, "अहो, मासा घेताय की लग्न जमवताय?" क्विग बाजूला होतात आणि पुढल्या आठवड्यात परत येतात.

डोरीनचं नाव विभागाच्या पाटीवर उमेदवारांत अजून आहे. दोन सह्या झालेल्या आहेत, तिसरी व्हायची आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दीड पान कोरं आहे, आणि ते लिहायचं राहिलं आहे.